बायांपुढची नक्कल

पालघरच्या एसटी स्टँडवर, रांगेत माझ्यापुढे मासे विकून परतणारी एक कोळीण उभी होती. शेजारी तिचा तरणाताठा भाचा.

“दादू, होळीला तू माझी नक्कल केलीस, त्याची टेप आता बोईसरच्या रिक्षांत वाजते. वर ताजे बोंबील, खाली कालचे, असं मी गिऱ्हाईकाला फसवते म्हणे! बाजारातल्या साऱ्या बाया पेटल्यात.”

“म्हणून तर त्यांच्यापुढं जातोय, मावशी. माफी मागतो.”

“आणि नकला सोडतोस?”

“नाय. लहानपणी रेडिओवरच्या बातम्यावालीची नक्कल केली की तूच मला मूठभर बोरकूट द्यायचीस. ‘परत कर रे’ म्हणायचीस.”

“ती बाई दिल्लीत होती, मेल्या. आमी तुझ्यासमोर बसलो होतो.”

“चुकलंच माझं. कालच्या बोंबलांचं खोटं होतं, ते काढून टाकतो. बाकी तुझा आवाज, तुझी घासाघीस, सगळं त्यांच्यापुढंच करून दाखवतो.”

“बाया हाणतील तुला.”

“हाणू दे. हसेपर्यंत हलणार नाय.”

“हलणार नाय म्हणतोस?”

“नाय.”

“मग नीट तरी कर. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं तर तू ओरडतोस. मी ओरडत नाय.”

“मग काय करतेस?”

“गुमान पाटी झाकायला घेते. ते बघून गिऱ्हाईक आपसूक परत येतं. धर ही पाटी, कर बघू.”

“अशी?”

“गिऱ्हाईकाकडं काय बघतोस? ते गेलं. खाली बघ.”