नाही म्हणणारी बाई

(पेडण्याजवळचा एक काजू कारखाना. वर मालकाची केबिन, खाली बॉयलर चालू. मालक मधुकर आणि मुलगी सिद्धी.)

मधुकर : ताकाला जाऊन भांडं लपवू नको, बाय. जनरल मॅनेजर म्हणून ती वैशालीच तुला का हवी?

सिद्धी : बेळगावात मोठा कारखाना सांभाळलाय त्यांनी.

मधुकर : मग मुलाखतीला आलेल्या त्या साईशने काय गोट्या खेळल्या? मुरगावला दोनशे माणसं होती त्याच्या हाताखाली. शिवाय गोड बोलतो. मी म्हटलं ते सगळं पटलं त्याला.

सिद्धी : सगळं पटलं, तेच तर.

मधुकर : मॅनेजर हवाय गो मला, सासू नको.

सिद्धी : ऑपरेशननंतर रोज यायला जमणार नाही, असं तुम्हीच म्हणालात. मग तुमच्यामागे...

मधुकर : मागे म्हणजे? अजून आहे मी.

सिद्धी : आहात. बाबा, आधी खाली फोन करा. बॉयलर बंद करायला सांगा.

मधुकर : आता? बिया वाफेवर आहेत. दिवाळीच्या ऑर्डरी तुझा मामा भरणार?

सिद्धी : वाफ जास्त झाली की सोडणारा व्हॉल्व्ह अडकलाय. चतुर्थीपासून. बॉयलरवरचा हरी अंदाजाने हातानेच वाफ सोडतो.

मधुकर : कोण म्हणतं?

सिद्धी : हरीच. काल मुलाखतीआधी वैशालीताई खाली फिरल्या. त्यांनी विचारलं, इथे भीती वाटते का. तर तो रडायलाच लागला.

मधुकर : आणि माझ्यापाशी सगळे तोंड शिवून?

सिद्धी : मशीनचा पट्टा तुटायला आलाय, हे त्यावर काम करणाऱ्या विनायकने सांगितलं होतं. चार माणसांत काय काय बोललात त्याला. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

मधुकर : ऐन हंगामात मशीन बंद ठेव म्हणत होता तो.

सिद्धी : बाबा, सोलणीच्या बायका भिंतीपलीकडेच बसल्यात. फोन करा.

मधुकर : हॅलो, हरी? मी बोलतोय. बॉयलर बंद कर. बायकांना आधी बाहेर काढ, लांब त्या फणसाखाली बसव. नाही रे, रागावलो नाही. अरे, नाही रागावलो म्हणतो ना.

सिद्धी : केला बंद?

मधुकर : केला. बॉयलर राहिला बाजूला, सारखं एकच विचारत होता, रागावला नाहीत ना म्हणून.

सिद्धी : बसा जरा. पाणी घ्या.

मधुकर : ती वैशाली येईल ना?

सिद्धी : येतील. पण चुकलात तर तोंडावर सांगणार, असं म्हणाल्यात.

मधुकर : सांगू दे. बाय, तुला हे कालच कळलं होतं?

सिद्धी : हो.

मधुकर : आज सकाळी मी त्या बॉयलरपाशी उभं राहून चहा प्यायलो. तू समोर होतीस.

सिद्धी : सांगायला तोंड उघडलं होतं, बाबा. तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.