चोरखिसा

अबुधाबीच्या व्हिसा सेंटरमध्ये हेमा आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एक बाई लेकीला नव्या जाकिटाचं अस्तर उलटून दाखवत होत्या.

“हा बघ चोरखिसा. रोमला गेलीस की पासपोर्ट यातच ठेवायचा, दिया.”

“चोरखिसा? पॉकेट फॉर द चोर?”

“अगं वेडाबाई, चोराला न सापडणारा खिसा! इथे वाढलीस, तुला काय कळणार! मेट्रोत बॅग पोटाशी धरायची.”

“ओके, मम्मा.”

“आणि अनोळखी कुणी कितीही गोड बोललं, तरी विश्वास ठेवायचा नाही.”

“खलास, मम्मा, पुरे आता! आपला नंबर आला, यल्ला, चल!”

दोघी लगबगीने काउंटरकडे निघाल्या.

“अहो, तुमची पर्स खुर्चीवरच राहिली!” हेमाने हाक मारली.

“असू दे हो, तुम्ही आहात ना!”