लाल पट्टी

(कारंजा घाडगेजवळचं गाव. रुखमाचा ओटा. भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या कंपनीचा मॅनेजर दुर्गेश खाली मान घालून उभा आहे. रुखमाची मुलगी दामिनी दाराशी.)

रुखमा : बस ना बापा, उभा काऊन?

दुर्गेश : असाच बरा आहो काकू. तू केंद्रावर माल आणून नाई राह्यली, म्हून आलो.

दामिनी : माल हाये आमच्याकडं. केंद्रातल्या तुमच्या टीव्हीवर दाखवाचा नाई, साहेब.

दुर्गेश : दामिनी, थो टीव्हीवरचा नंबराचा बोर्ड कोणाले लाजवाले नोयता लावला. कोणाचा माल कसा, सगळ्याईले दिसलं पाह्यजे. त्यानं माणूस सुधारते. पुण्यात मॅनेजमेंटले हेच शिकवलं आमाले.

दामिनी : मेलेला माणूस कसा सुधारते, थे शिकवलं काय?

रुखमा : दामिनी! चाय मांड जा.

दुर्गेश : बोलू दे तिले. काकू, सभासद म्हून काकाचंच नाव होतं. पोळ्याले काका गेले, नाव बदलवाचं राहून गेलं. सिस्टीम आपोआप शेवटचा नंबर काढते आन फोटो लावते. काका गेले, हे तिले काय माहीत?

रुखमा : तिले नाई माहीत. तुले तं माहीत होतं. खांदा देल्ला तू त्याले.

दुर्गेश : हो.

रुखमा : टीव्हीवर त्याचा फोटो. भोवती लाल पट्टी, खाली लिहेल, 'सर्वात मागे'. लोकं हासले. एक जण म्हणे, घनश्याम वरूनबी किडके वांगे धाडून राह्यला. मी काट्यापाशी टोपलं घेऊन उभी. तुह्याकडं पाह्यलं. तूबी पाह्यला थो फोटो.

दुर्गेश : पाह्यला.

रुखमा : मंग बंद काऊन नाई केला?

दुर्गेश : नागपूरचे पाहुणे आलते. आपली कंपनी कम्प्युटरवर कशी चालते, थेच पाह्याले आलते. मधातच बंद केला असता, तं माह्यी फजिती झाली असती.

रुखमा : तुह्यी वाचली मंग.

दुर्गेश : लय लाज वाटते काकू. तईपासून तुह्या घरावरून जात नाई, तलावाकडून फिरून जातो. काढूनच टाकतो थो बोर्ड.

रुखमा : काढू नोको.

दुर्गेश : काऊन?

रुखमा : वांगे किडकेच होते. फवाऱ्याचं काम त्याचं होतं, मले नाई जमलं. पण थे वांगे त्याचे नोयते, माह्ये होते. लाल पट्टीत माह्यं नाव टाक. चांगले आणीन तई वर नेजो. त्याच्या नावाले डाग नोको.

दुर्गेश : आजच बदलवतो. आन त्याच टीव्हीसमोर, सगळ्याईपुढं माफी मागतो.

दामिनी : पाहुणे असले तरी?

दुर्गेश : पाहुण्याईले बलावूनच मागतो.

दामिनी : चाय घ्या, दादा.

दुर्गेश : काकू, तुह्या फोटो लागन.

रुखमा : काढ. थांब, पदर घेऊ दे.

दुर्गेश : झाला. काकाचा आता पुसून टाकतो.

रुखमा : पुसू नोको रे. कागदावर काढून आणून देजो मले. सभासद झाला तई तूच काढलता ना? हासून राह्यलता. घरात त्याचा हासरा एकबी नाई.