गॅलरीतलं जंगल

—नाही हो काका, मांसाचा तुकडा टाकायचा नाही तिच्यात! कुणी सांगितलं? घटपर्णी आहे ती, मांजर नाही. मुंगी पडते, माशी पडते, तिचं ती जिरवते. आणि नळाचं पाणी घातलंत ना? तरीच पानांच्या कडा करपल्यात. पावसाचं साठवायचं, तेवढंच सोसतं हिला. आणा इकडे, खिडकीपाशी ठेवा — पुस्तकं सरकवा, पडू देत.

जंगलातलं अस्सल म्हणता? मग आधी ऐकून घ्या, राग आला तर येऊ दे. तुमच्यासारखे लोक ‘अस्सल’ मागतात म्हणून डोंगरच्या डोंगर ओरबाडले जातात, रोपं मुळासकट जातात. मी आणि आमचे सर — कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त झालेत — आम्ही घरी संकर करतो तो याचसाठी. घरात वाढवायचं, कलमं फुकट वाटायची, म्हणजे जंगलाला कुणी हात लावणार नाही. वेडेपणा वाटतो? वाटू दे. सरांच्या नर झाडाचा पराग मी फ्रिजमध्ये जपला, अंड्यांच्या कप्प्यात, माझी मादी फुलेपर्यंत. आई म्हणायची, ‘धूळ कसली सांभाळतेस, बाई!’ चिमूटभर बी आलं, त्यातलं एकच रोप जगलं. आणि बियांतलं प्रत्येक रोप वेगळं निघतं, भावंडांसारखं — तेव्हा तसं दुसरं जगात नाही. त्याच्या घटाच्या झाकणाच्या आतून जांभळी रेघ—

थांबा. जरा उजेडात धरा.

ही रेघ... नाही, असेल दुसऱ्याही एखाद्याला. असेल ना? काका, ही लोकर तुम्ही बांधलीत? मग आलं तेव्हापासूनच होती. लाल लोकर. आणि कापल्या जागी दालचिनीची पूड, बुरशी लागू नये म्हणून. पूड सगळेच लावतात. पण बांधायला सगळे सुतळी घेतात — लोकर घेणारा एकच माणूस मला माहितीये. सुतळी काचते म्हणतो, झाडालाही लागतं म्हणतो, आणि आम्ही मागच्या बाकावर डोळे पुसायचो — कुणाकडून घेतलंत? नको, नाव नको. उंच, जरा वाकून चालणारे, बोलता बोलता चष्मा पुसणारे?

हं.

किंमत सांगू नका. मला एवढंच सांगा, ‘जंगलातलं’ हे त्यांच्या तोंडचं? धुकं, कडा, दोर लावून उतरलो — एवढं सगळं? काका, हे आमच्या गॅलरीत वाढलंय! कपड्यांच्या दोरीखाली! पण घरचं म्हटलं तर कोण विचारतंय? ओरबाडलेलं म्हटलं की लगेच खिशात हात. म्हणजे आम्ही जे थांबवायला निघालो, त्याचीच जाहिरात — माझ्याच रोपानं!

आणि माझ्या त्या रोपाचा शेंडा गेला त्या दिवशी सर इथेच होते. मी भाजी आणायला खाली गेले होते. परत आले तर शेंडा नाही. तेच म्हणाले, ‘चादर वाळत घालताना आईंच्या हातून मोडला असेल, रागावू नकोस हं.’ आई शपथेवर सांगत होती, मी हात लावला नाही. पण सरांपुढे आईचं कोण ऐकतं? तेव्हापासून ती गॅलरीत पाऊल टाकत नाही. चादरी आतल्या दारावर वाळत घालते. आणि सर तिच्याच हातचा चहा पीत मला समजावत होते — मोठं मन ठेव म्हणून!

जाऊ दे. पाणी बदला, वाचेल तुमचं. माझं? त्याला बाजूने कोंब फुटलाय, बोटाएवढा. परवाच मी नाचत नाचत—

काय म्हणालात? तुमच्या भावासाठी आणखी एक सांगून ठेवलंय? आणि ते हो म्हणाले? कधी देणार?

रविवारी.

शनिवारी सर आमच्याकडे येणारेत. कोंब बघायला. मीच फोन केला होता.

काही नाही, काका. निघा तुम्ही. नाही, बसू नका, पाणीबिणी काही नाही — निघा म्हटलं ना! आणि जाताना दार ओढून घ्या.