पुढचा ब्रेक

शोरूमच्या बाकावर आपल्या नव्या क्रूझर बाइकची वाट बघत बसलेल्या नर्सबाईंचे कान शेजारच्या दोघा काकांकडे लागले. मिशीवाले काका टकल्या मित्राला क्रूझर घ्यायला लावायचीच म्हणून हट्टाला पेटले होते.

“अहो, क्रूझर म्हणजे आरामखुर्ची! पाय पुढे टाका आणि खुशाल बसा.”

“वळताना जड जाते म्हणतात.”

“ज्यांना चालवता येत नाही ते म्हणतात. जड आहे म्हणून तर घसरत नाही.”

“आणि थांबायला?”

“मागचा ब्रेक आहे ना!”

“पुढचा?”

“पुढचा दाबला की माणूस हँडलवरून थेट समोर. माझ्या जुन्या गाडीची मी तारच काढून टाकलीय. दांडी तेवढी ठेवलीय, शोभेला.”

“काय सांगता! तशीच चालवता?”

“इतकी वर्षं झाली, कधी खरचटलंसुद्धा नाही.”

“मग आज रिक्षाने कसे आलात?”

“जावई घेऊन गेलाय गाडी. लेक मागे बसलीय. घाटातून जाणारेत.”

“त्याला सांगितलंत ना तारेचं?”

“त्यात काय सांगायचं? पुढचा ब्रेक लावतं कोण?”

“अहो, सगळे लावतात!”

मिशीवाल्यांनी हसत नर्सबाईंकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत.

“काका, आधी फोन लावा त्यांना.”

त्यांनी जावयाला लावला. मग लेकीला लावला. पुन्हा जावयाला.

“उचलत नाहीत,” ते म्हणाले. “मीच बजावलंय दोघांना, गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही.”