आत्या वर की सासू वर

अरे, परवा इंद्रलोक कॉलनीत आत्याकडे काय झालं ते ऐका, मी अजून त्याच तारेत आहे.

हल्ली मी एक प्रोग्राम लिहितोय. त्यात आमचं आख्खं घराणं झाडासारखं मांडलंय आणि वर नियम दिलेत. नियमात बसणारी फांदी दिसली की ती काढायची आणि तिथे छोटी लावायची. 'आईच्या भावाची बायको' टाकलं की आधी 'मामाची बायको' होतं, मग नुसतं 'मामी'. आत्याच्या टीव्हीवर लावून दाखवत होतो, सगळे खूश.

तेवढ्यात माझी बहीण केतकी म्हणाली, "दादा, आत्या माझी कोण ते विचार."

केतकीचं लग्न आत्याच्याच मुलाशी झालंय. टीव्हीवर आलं, 'आत्या'.

"बघ," केतकी आत्याला म्हणाली, "आणि तू लग्नापासून नुसती सासूच झालीयेस."

आत्याने मला विचारलं, "सासूचा नियम घालायला विसरलास?"

"नाही गं, दोन्ही लागू पडतात, मग जो वर लिहिलाय तो आधी लागतो. हा घोळ मी पुस्तकात वाचला होता, घरात पहिल्यांदाच बघतोय." मी तर खुर्चीतून उठलोच होतो.

"मग सासूचा वर घे," आत्या म्हणाली.

घेतला. टीव्हीवर 'सासू' आलं. केतकीचा चेहरा पडला.

"केतकी, चहा टाकायचाय," आत्या म्हणाली. केतकी उठायला लागली, तर आत्याने तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू बस. हुकूम सासूने सोडलाय, चहा आत्या करतेय."