रस्ता ओलांडायले इस्त्रीचा शर्ट

— नाई वं, ‘थोडा त्रास’ नको, ‘जास्त’वर बोट दाब. जीव मुठीत धरून जा लागते या चौकातून. बस ना, चहा घे. रस्त्याच्या सर्वेवाली ना तू, अबोली नाव सांगितलं ना? तं अबोली, आम्ही हुडकेश्वरात घर बांधलं तवा इथून बैलबंड्या जायच्या, अन् आता पाहूनच राहिली तू — टिप्पर काय, ऑटो काय, अन् ते जेवणाचे डब्बे घेऊन पळणारे पोट्टे काय. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला तुले म्हणन चौकात गाड्या वळाचा गोल नको, माह्या दुकानापुढची पार्किंग जाते. ऑटोवाले म्हणतीन आमचा स्टँड जाते. त्याइचं नको ऐकू. चौकात गोल बनवा, पट्टे मारा, गाड्या हळू करा, अन् बाईमाणसाले एकटीनं रस्ता पार करता आला पायजे — एकटीनं, हे खास लिही. कोणाचा हात धराचं कामच नाई पडलं पायजे.

कोणाचा म्हणजे? असंच म्हटलं मी, बोलण्यात येते. …आता विचारलंच तं सांगते. आमचे हे — अमोलचे बाबा — एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले अन् डोक्यात समाजसेवा शिरली. रोज संध्याकाळी चौकात उभे राहून म्हाताऱ्या माणसाइले रस्ता पार करून देते. चांगलंच आहे, मी काय नाई म्हणते का? लोकं नमस्कार करते, बरं वाटते. पण मागच्या गल्लीत ते प्रेमिलाबाई राह्यले आली ना — मास्तरीण होती, नवरा वारला, पलीकडच्या बगीच्यात भजनाले जाते — तवापासून याइचा शर्ट इस्त्रीचा असते. रस्ता ओलांडायले इस्त्री लागते का वं? पावडर लागते का? म्हटलं मी एक दिवस, तं म्हणते, चार लोकांत उभं राहा लागते. आता चार लोकं काय पहिल्यांदा पाहिले का त्याईनं?

मी काही पाह्यले नाई जात बरं. कपडे काढाले गच्चीवर गेली की दिसते, त्याले मी काय करू? ते बाई कडेले येऊन उभी राहते, मान थोडी वाकडी करून. मंग हे एक हात वर करते — सारा चौक थांबवते — अन् दुसऱ्या हातानं तिचं कोपर धरते, अन् ज्या बाजूनं गाड्या येते त्या बाजूनं स्वतः चालते. हळूहळू. तिच्या पायाच्या हिशोबानं. मले तं माहीतच नव्हतं या माणसाले हळू चालता येते म्हणून.

माह्यासंगं कसे चालते म्हणतं? संगं कुठी चालते. पुढं चालते. लग्न झालं तवापासून हे पुढं अन् मी मागं, रस्ता आला की हे पट्‌कन पार, अन् पलीकडून हात करते — ये ना, काय पाहून राहिली? आता मी गाड्या पाहू का याइचा हात पाहू? दिवाळीच्या आधी बजाराची थैली घेऊन तशीच निघाली, तं गाडीवाला पोट्टा घासून गेला. पडली मी. साऱ्या सांबाराच्या, कोथिंबिरीच्या जुड्या रस्त्यावर. उचललं कोणं, तं त्या भेळवाल्यानं. हे तवापर्यंत मेडिकलच्या पुढं पोहोचले होते. वापस आले अन् म्हणते, पाहून चालावं ना. हे कोपर अजून दुखते, पाह्य.

म्हणून म्हणते, बनवून टाका लवकर. ते बाई आपली एकटी जाईन, हे आपले घरी बसतीन. दाखव बरं तुह्या मोबाइलातला नकाशा. हा आपला चौक? हा गोल. अन् हे पट्टे. अन् हे मधात काय आहे? …उंच जागा. अर्धा रस्ता पार केला की इथी थांबाचं, गाड्या गेल्या की मंग पुढं. झाडं पण लावता? अन् किती जण उभे राहतीन याच्यावर — दोघं? आरामात?

नाई. हे नको. खोड ते. आता तं दोन मिनटात पार होते बिचारे, अन् तुम्ही त्याइले मधात उभं करून सावली देऊन राहिले? माह्या गच्चीतून ते झाडाआड दिसन पण नाई. आमचा विरोध आहे म्हणून लिही, रंभाबाईचा विरोध. कारण? कारण काहीही लिही, पैसा वाया जाते म्हणून लिही. काहून पाहून राहिली अशी माह्याकडे? समजते मले, तू म्हणशीन, असाच रस्ता ठेवला तं आज ना उद्या मले पुन्हा कोणी उडवून जाईन. तं जाऊ दे उडवून. त्या दिवशी तरी मागं वळून पाहतीन.

…

हे नको लिहू. चहा प्याली ना? मंग जा आता, बाकीचे घरं राहिले आहे तुहे.